पिंग होतो, पण डेटा येत नाही: दूध प्रकल्पातील तीन पीएलसी एका संगणकाला इथरनेटवर जोडताना

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या दूध प्रकल्पाचे आहे. पाश्चरायझरच्या होल्डिंग ट्यूबचे (गरम दूध ठरावीक वेळ धरून ठेवणाऱ्या नळीचे) तापमान, सीआयपीची (यंत्रे न उघडता आतून धुण्याची) चालू पायरी आणि आइस बँक टँकच्या पाण्याचे तापमान दर सेकंदाला एका संगणकावर नोंदले जावे, एवढीच मागणी होती. तोवर ही नोंद चार्ट रेकॉर्डर आणि शिफ्टच्या वहीवर चालत असे. दूध ७२ अंशांवर किमान १५ सेकंद राहिले का, याचा पुरावा मागितला गेला की कागदाच्या गुंडाळ्या उलगडाव्या लागत.

यंत्रे तीन आणि तिघांचे मशीनवाले वेगळे. प्रत्येकावर स्वतःचा पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक; सीपीयू हा त्याचा मुख्य भाग. पाश्चरायझरवर सीमेन्सचा एस७-१२०० मालिकेतला १२१४सी सीपीयू आणि त्याला थेट केबलने जोडलेला एचएमआय, म्हणजे ऑपरेटरचा पडदा. सीआयपीवरही १२१४सी, पण प्रोग्रॅम मशीनवाल्याच्या पासवर्डखाली. रेफ्रिजरेशनवर डेल्टाचा डीव्हीपी-१४एसएस२, ज्याला इथरनेटचे पोर्टच नाही. आरएस-२३२ आणि आरएस-४८५ ही सीरियल पोर्ट एवढीच. संगणक प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत. पाश्चरायझरचे पॅनेल केबलच्या मार्गाने ४२ मीटरवर, सीआयपी ३० मीटरवर आणि रेफ्रिजरेशनची शेड उघडे आवार ओलांडून ८५ मीटरवर.

कामावरचा पहिला निरोप होता, “पिंग होतोय, पण डेटा येत नाही.” (पिंग म्हणजे जाळ्यावरच्या एका पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहणे.) पीएलसी जोडणीतली बहुतेक दुखणी या एका वाक्यात येतात आणि वेळही इथेच वाया जातो, कारण पिंग झाला की जोडणी झाली असे गृहीत धरले जाते. संगणकाच्या पडद्यावर योग्य आकडा येण्याआधी निदान सहा गोष्टी जुळाव्या लागतात: केबलवर लिंक, योग्य यंत्राचा आयपी (जाळ्यावरचा पत्ता), उघडे टीसीपी पोर्ट (संवादाचे दार), सीपीयूची परवानगी, योग्य पत्ता आणि बाइटचा योग्य क्रम. प्रत्येकाची चाचणी वेगळी आहे. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरचीला हात लावला तर बिघाड सापडत नाही, नुसता जागा बदलतो. या प्रकल्पात सहापैकी पाच ठिकाणी काही ना काही चुकलेले निघाले.

उत्तर कोण देत होते?

सोय म्हणून पाश्चरायझरच्या पॅनेलमधून पीएलसी आणि एचएमआय अशा दोन्हींच्या केबली ऑफिसच्या स्विचमध्ये लावल्या होत्या. पीएलसीचा आयपी १९२.१६८.०.१, संगणकाला दिलेला १९२.१६८.०.५०, दोघांचा सबनेट मास्क (कोणते पत्ते एकाच जाळ्यातले हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. पिंगला उत्तर येत होते. फक्त ते उत्तर पीएलसी देत नव्हता. ऑफिसच्या ब्रॉडबँड राउटरचा पत्ताही १९२.१६८.०.१ होता.

ओळखायची सोपी रीत अशी. पिंग सतत चालू ठेवा आणि पीएलसीच्या पोर्टमधून केबल उपसा. उत्तर थांबले नाही तर बोलणारा दुसराच कोणी आहे. दुसरी रीत म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर एआरपी -ए (arp -a) चालवून त्या आयपीपुढचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता) बघायचा आणि सीपीयूच्या दर्शनी भागावर छापलेल्या मॅक पत्त्याशी ताडायचा. इथे दोन्ही जुळले नाहीत.

याचे परिणाम संगणकापुरते थांबत नाहीत. त्याच जाळ्यावर आलेला पाश्चरायझरचा एचएमआयही अधूनमधून राउटरलाच पीएलसी समजून बोलायला जाई आणि आकड्यांच्या जागी नुसत्या चौकटींच्या खुणा दाखवी. ऑफिसचे इंटरनेटही मधूनच बंद पडे. पीएलसीचा प्रोग्रॅम स्वतंत्र चालत असल्याने दुधाचे तापमान बिघडले नाही, पण ऑपरेटरचा पडदा गेला. चालू यंत्राच्या पॅनेलमधली केबल ऑफिसच्या जाळ्यात लावणे किती महागात पडू शकते, ते इथे दिसते. एक्सेलची फाइल उघडायला उशीर झाला तर कोणाचे काही बिघडत नाही. फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्हचा (पुरेसे न तापलेले दूध परत वळवणाऱ्या झडपेचा) अलार्म दिसायला उशीर झाला तर बिघडते.

म्हणून प्लँटचे जाळे पूर्ण वेगळे केले: १९२.१६८.५०.०, मास्क तोच. संगणकात दुसरे नेटवर्क कार्ड बसवले. प्लँटच्या कार्डाला १९२.१६८.५०.१० आणि डीफॉल्ट गेटवेची (जाळ्याबाहेर जायच्या रस्त्याची) जागा रिकामी. गेटवे फक्त ऑफिसच्या कार्डाला. दोन्ही कार्डांना गेटवे दिला तर विंडोज बाहेर जायला कधी हा तर कधी तो रस्ता धरते आणि इंटरनेट किंवा दूरची जोडणी केव्हा तुटेल याचा भरवसा राहत नाही. दोन कार्डांमध्ये ब्रिज मात्र करायचा नाही. वेगळे केलेले जाळे त्याने पुन्हा एक होते.

पाश्चरायझरचा पत्ता १९२.१६८.५०.११ केला, एचएमआयचा १९२.१६८.५०.२१. पीएलसीचा आयपी बदलल्यावर एचएमआयच्या प्रोजेक्टमधल्या कनेक्शनचा पत्ताही बदलून तो पुन्हा डाउनलोड करावा लागतो. हे राहून जाते आणि मग पॅनेलसमोर धावपळ होते. १२१४सीला पोर्ट एकच असल्याने एचएमआय आणि संगणक दोन्हींसाठी पॅनेलमध्ये डिन रेलवरचा छोटा स्विच लागला. सीमेन्सचा चार पोर्टांचा सीएसएम १२७७ चालतो, २४ व्होल्टवरचा पाच पोर्टांचा कोणताही औद्योगिक स्विचही चालतो. घरगुती प्लास्टिकचा स्विच अडॅप्टरसकट पॅनेलमध्ये टांगू नये. वाफेच्या खोलीतल्या पॅनेलच्या उष्णतेत त्याचा अडॅप्टर आधी जातो.

पोर्ट उघडे, दार बंद

आता पिंगला खरोखर पीएलसीच उत्तर देत होता. पुढची चाचणी पोर्टची. एस७ संवाद टीसीपी पोर्ट १०२ वर चालतो. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेला आयपी आणि पोर्ट १०२ दिले की शेवटच्या ओळीत ट्रू किंवा फॉल्स येते. इथे ट्रू आले. स्काडामध्ये (आकडे दाखवणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) सीपीयूची जागा म्हणून रॅक ०, स्लॉट १ भरले होते, तेही बरोबर. (एस७-३०० असता तर स्लॉट २. जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी केलेल्या ड्रायव्हरमध्ये हा २ तसाच राहून जातो.) तरी वाचन नाकारले जात होते.

कारण ओळखीचे होते. एस७-१२०० च्या फर्मवेअर ४.० पासून बाहेरच्या यंत्राला पुट/गेट पद्धतीने वाचू देण्याची परवानगी मुळात बंद असते. टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये) सीपीयूच्या गुणधर्मांत प्रोटेक्शन अँड सिक्युरिटी, त्यात कनेक्शन मेकॅनिझम्स, आणि तिथली पुट/गेटची चौकट टिचकवावी लागते. त्याच पानावर ॲक्सेस लेव्हल काय ठेवली आहे तेही पाहायचे. नव्या आवृत्त्यांत ती सुरुवातीपासूनच कडक असते आणि तिच्यामुळेही वाचन अडते. परवानगी नसताना टीसीपी जोडणी उभी राहते आणि वाचायला गेले की सीपीयू नकार देतो. म्हणून पोर्टची चाचणी उत्तीर्ण होऊनही पडदा कोराच राहतो.

हा बदल हार्डवेअर कॉन्फिगरेशनमधला आहे, तो डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो. पाश्चरायझरमध्ये दूध फिरत असताना हे करायचे नाही. दूध संपून पाण्याची फेरी झाली आणि सीआयपी सुरू व्हायची आहे, ही वेळ ठरवून घेतली. आयपीचा बदल आणि हा बदल एकाच डाउनलोडमध्ये उरकला. आधी चालू प्रोग्रॅमचा बॅकअप आणि पडद्यावरच्या सगळ्या सेटपॉइंटांचे फोटो.

सेटपॉइंट जपायला एक खास कारण होते. स्काडा डेटा ब्लॉकमधला पत्ता बाइटच्या क्रमांकाने मागतो, आणि टीआयएमध्ये नवा ब्लॉक मुळात ऑप्टिमाइज्ड असतो, म्हणजे त्यातल्या टॅगला ठरावीक बाइट क्रमांकच नसतो. सोपा उपाय म्हणून बरेच जण चालू ब्लॉकचेच ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस काढून डाउनलोड करतात. ब्लॉकची रचना बदलल्याने त्यातल्या किमती सुरुवातीच्या किमतींवर परत जातात. सेटपॉइंट आणि पीआयडीचे (तापमान स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रणाचे) ट्यूनिंग त्याच ब्लॉकमध्ये असेल तर सगळे पुसले जाते आणि पुढची बॅच गडबडते.

त्यामुळे चालू ब्लॉकला हातच लावला नाही. संवादासाठी वेगळा डेटा ब्लॉक, डीबी १००, केला, फक्त त्याचेच ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस काढले, आणि प्रत्येक स्कॅनला (प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला) हव्या तेवढ्या किमती मूव्ह आज्ञेने त्यात उतरवल्या. मांडणी अशी ठेवली (इंट म्हणजे पूर्णांक, वर्ड म्हणजे १६ बिट, रिअल म्हणजे दशांश संख्या):

बाइट ०–१: हार्टबीट (जोडणी जिवंत असल्याची खूण म्हणून वाढत राहणारा आकडा), इंट
बाइट २–३: स्थितीचे बिट, वर्ड
बाइट ४–७: होल्डिंग ट्यूबच्या तोंडाचे तापमान, रिअल
बाइट ८–११: थंड होऊन बाहेर पडणाऱ्या दुधाचे तापमान, रिअल
बाइट १२–१५: प्रवाह, रिअल
पुढे ६३ पर्यंत राखीव.

याचे दोन फायदे. पहिला, पूर्ण ६४ बाइट एकाच विनंतीत येतात. एस७-१२०० मध्ये एका निरोपाचा आकार २४० बाइटांचा असतो आणि शीर्षकांची जागा वजा जाता एका वाचनात २२२ बाइट मिळतात. सोळा टॅग सोळा वेळा मागण्यात अर्थ नाही. दुसरा, स्काडातून चुकून या ब्लॉकमध्ये काही लिहिले गेले तरी पुढच्या स्कॅनला खरी किंमत त्यावर बसते. मात्र पुट/गेट उघडले की एम आणि क्यू क्षेत्रही (पीएलसीची अंतर्गत स्मृती आणि आउटपुट) उघडे पडते आणि त्या जाळ्यावरचा कोणताही संगणक तिथे लिहू शकतो. वेगळ्या जाळ्याचा आग्रह याचसाठी. दुरून बघायची सोय हवी म्हणून राउटरवर पोर्ट १०२ इंटरनेटला उघडून देणे तर कुठल्याही परिस्थितीत नको. फर्मवेअर ४.४ किंवा पुढचे आणि परवाना असेल तर एस७-१२०० मध्येच ओपीसी यूए (डेटा देवाणघेवाणीची सुरक्षित प्रमाण पद्धत) सर्व्हर चालवता येतो आणि पुट/गेट बंद ठेवता येते. नव्या कामात तोच रस्ता धरावा.

शून्य अंशाचे दूध

पहिले वाचन आले तेव्हा सगळी तापमाने ०.०० होती. अशा वेळी कोणी पीटी-१०० सेन्सर तपासायला जातो, कोणी ॲनालॉग कार्ड काढतो. एचएमआयवर तेच तापमान नीट दिसत असेल तर सेन्सरकडे जायचे कारण नाही. कच्चे बाइट बघावेत.

एचएमआयवर ७२.५ अंश असताना बाइट ४ ते ७ मध्ये सोळा-आधारी आकडे होते ४२ ९१ ०० ००. ७२.५ ही रिअल किंमत सीमेन्समध्ये अशीच साठते, मोठा बाइट आधी. संगणकावरच्या ड्रायव्हरने ते उलट क्रमाने, ०० ०० ९१ ४२ असे वाचले. या क्रमाची किंमत शून्य नसते, पण इतकी सूक्ष्म असते की दोन दशांशांत ०.०० च दिसते. दोन-दोन बाइटांचे शब्द अदलाबदल झाले तरी ०० ०० ४२ ९१ होते आणि तेही शून्यच दिसते. ड्रायव्हरमधला बाइट क्रम बदलला आणि तापमाने आली.

स्थितीच्या वर्डमध्ये याच कारणाचा दुसरा सापळा होता. डीबी १०० मधला बिट २.० हा पहिल्या, म्हणजे मोठ्या बाइटमधला आहे, त्यामुळे पूर्ण वर्ड वाचल्यावर तो बिट ८ ठरतो, बिट ३.० हा बिट ०. डायव्हर्शन व्हॉल्व्ह पुढे आहे की परतीवर, हे २.० मध्ये ठेवले होते आणि स्काडा बिट ० वाचत होता. त्यामुळे पडद्यावर व्हॉल्व्ह कायम परतीवर. असे बिट प्रत्यक्ष हलवून तपासायचे असतात. यादी वाचून हा घोळ कळत नाही.

मशीनवाला आयपी बदलू देत नाही तेव्हा

सीआयपीच्या मशीनवाल्याने पुट/गेट उघडून, संवादाचा ब्लॉक करून पत्त्यांची यादी दिली. पण आयपी १९२.१६८.०.१ च राहील असे सांगितले, कारण त्यांची सगळी यंत्रे त्याच पत्त्यावर जातात आणि दुरुस्तीला येणारा माणूस तोच पत्ता गृहीत धरून येतो. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. इथे नॅट करणारा, म्हणजे एका जाळ्यातला पत्ता दुसऱ्या जाळ्यातल्या पत्त्यात बदलून देणारा, छोटा औद्योगिक राउटर वापरला: बाहेरच्या बाजूला १९२.१६८.५०.१२, आतल्या बाजूला १९२.१६८.०.२५०, आणि नियम असा की ५०.१२ वर येणारे सगळे आत ०.१ कडे.

नियम बरोबर, केबल बरोबर, आणि तरी पिंगसुद्धा नाही. वायरशार्कवर (जाळ्यावरचे निरोप पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आतल्या बाजूचे पॅकेट पाहिले तेव्हा संगणकाचा सिन (जोडणी मागणारे पहिले पॅकेट) पीएलसीपर्यंत पोहोचत होता, सिन-ॲक (त्याचे उत्तर) परत येत नव्हता. राउटरने पोहोचायचा पत्ता बदलला होता, पाठवणाऱ्याचा नाही. पीएलसीला विनंती १९२.१६८.५०.१० कडून आलेली दिसत होती. तो पत्ता त्याच्या सबनेटबाहेरचा, आणि सीपीयूच्या कॉन्फिगरेशनमध्ये राउटरचा पत्ता भरलेलाच नव्हता. उत्तर कोणत्या वाटेने पाठवायचे हे त्याला माहीत नसल्याने उत्तर निघतच नव्हते.

प्रोग्रॅम हातात असता तर सीपीयूमध्ये राउटर म्हणून १९२.१६८.०.२५० भरून काम झाले असते. तो नसल्याने राउटरमध्येच पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलायचा नियम, म्हणजे मास्करेड, आतल्या बाजूला चालू केला. मग पीएलसीला विनंती ०.२५० कडून, आपल्याच सबनेटमधून आलेली दिसते आणि उत्तर सुटते. नॅट लावूनही यंत्र गप्प असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. आणखी एक गोष्ट: टीआयएमधला ॲक्सेसिबल डिव्हायसेसचा शोध राउटर ओलांडून जात नाही. संगणकावरून सीआयपीचा सीपीयू त्या यादीत दिसला नाही, याचा अर्थ तो बंद आहे असा नाही.

इथरनेट नसलेला पीएलसी

रेफ्रिजरेशनच्या डेल्टाला आरएस-४८५ वरून मॉडबस आरटीयू (सीरियल तारेवरची प्रमाण भाषा) बोलायला लावले आणि शेडमध्येच मॉडबस गेटवे (सीरियल आणि इथरनेट यांच्यामधला दुभाषा) बसवला. शेड वेगळ्या इमारतीत, तिची अर्थिंग वेगळी. ८५ मीटर हे १०० मीटरच्या मर्यादेत बसते, तरी इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल टाकली नाही. दोन अर्थिंगमधला विद्युतदाबाचा फरक आणि वळवाच्या पावसातल्या विजा, या दोन कारणांनी तिथे ऑप्टिकल फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. खर्च थोडा वाढतो, पण विजेच्या एका लोळात स्विच, गेटवे आणि पीएलसी एकदम जाण्यापेक्षा तो कमीच.

डीव्हीपी-१४एसएस२ चे पोर्ट मुळात ९६००, ७ बिट, ईव्हन, १ स्टॉप आणि ॲस्की पद्धतीवर असते. पीएलसी सुरू होताना एम १००२ या बिटाच्या पहिल्या स्पंदाला डी ११२० या रजिस्टरमध्ये एच ८१ (सोळा-आधारी ८१) टाकले, म्हणजे ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप. ही मांडणी टिकावी म्हणून एम ११२० सेट, आरटीयूसाठी एम ११४३ सेट, स्टेशन क्रमांक डी ११२१ मध्ये. गेटवेच्या सीरियल बाजूला हुबेहूब तेच. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. डी प्लस आणि डी मायनस उलटे लागले तर काहीच जळत नाही, फक्त शांतता असते. उत्तर नसेल तर दोन तारा अदलाबदल करून पाहायला एक मिनिट लागते.

शांततेचे खरे कारण मात्र गेटवेच्या पद्धतीत होते. तो पारदर्शक टीसीपी सर्व्हर म्हणून आला होता. तसा तो संगणकाकडून आलेले बाइट जसेच्या तसे तारेवर ढकलतो. मॉडबस टीसीपीच्या निरोपाआधी ७ बाइटांचे शीर्षक असते आणि शेवटी सीआरसी, म्हणजे चूक पकडणारे तपासणीचे बाइट, नसतात. पीएलसीच्या दृष्टीने तो निरोपच नाही. गेटवेच्या पानावर मॉडबस टीसीपी ते आरटीयू ही पद्धत निवडावी लागते. पोर्ट ५०२.

पत्त्यांचा हिशेब: डेल्टात डी ० चा मॉडबस पत्ता सोळा-आधारी १०००, म्हणजे दशमान ४०९६. काही स्काडा ४०९६ मागतात, काही एकपासून मोजतात आणि ४४०९७ मागतात. एकाने चुकले की शेजारच्या रजिस्टरची किंमत येते, आणि तीही तापमानच असेल तर चूक महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. म्हणून लागोपाठच्या तीन मोकळ्या रजिस्टरांत ११११, २२२२, ३३३३ भरून तेच क्रमाने येतात का हे आधी पाहिले. सक्शनचे तापमान शून्याखाली गेल्यावर पडद्यावर ६५५२.१ अंश आले होते. पीएलसीत ते उणे १.५ अंशांसाठी दहापट करून उणे १५ असे होते आणि स्काडाने चिन्ह न धरता ६५५२१ वाचले. टॅगचा प्रकार चिन्हांकित १६ बिट केल्यावर आकडा जुळला.

९६०० च्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. २० रजिस्टरांची विनंती ८ बाइट, उत्तर ४५ बाइट, म्हणजे तारेवरच सुमारे ५५ मिलिसेकंद, वर पीएलसीचा स्कॅन. दर सेकंदाला वाचायला हे पुरते. टाइमआउटची उतरंड मात्र सांभाळावी: गेटवेचा सीरियल टाइमआउट ५०० मिलिसेकंद, स्काडाचा १०००. उलटे ठेवले तर स्काडा कंटाळून पुढची विनंती पाठवतो आणि मागचे उशिरा आलेले उत्तर घोळ घालते.

सरळ रेषेचा दोष

सगळे आकडे जुळल्यावर खरा बिघाड समोर आला, आणि तो बिघाड दिसतच नव्हता. होमोजिनायझर (दुधातली मलई एकजीव करणारे यंत्र) चालू असताना पाश्चरायझरच्या तापमानाची रेषा अधूनमधून अर्ध्या मिनिटासाठी अगदी सरळ होई. नियंत्रण उत्तम आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण पीआयडीखालचे वाफेवर तापणारे दूध दशांशांत सतत हलतेच. सरळ रेषा म्हणजे जुनीच किंमत पुन्हा पुन्हा लिहिली जाणे. नेमक्या त्या अर्ध्या मिनिटात तापमान ७२ च्या खाली गेले असते तरी नोंद निर्दोष दिसली असती. कोरी जागा चालेल, खोटी रेषा चालणार नाही, कारण उद्या याच नोंदीवर दुधाचा निवाडा व्हायचा आहे.

हार्टबीट यासाठीच. सीपीयूच्या क्लॉक मेमरीतल्या १ हर्ट्‌झच्या बिटाच्या चढत्या कडेला बाइट ०–१ मधला आकडा एकाने वाढवायचा. स्काडा तो दर सेकंदाला बघतो. ५ सेकंद तो बदलला नाही तर त्या यंत्राचे सगळे टॅग अविश्वसनीय ठरतात, नोंदीत किंमत न जाता रिकामी जागा जाते आणि अलार्म वाजतो. आकडा ३२७६७ नंतर उणे होतो. हरकत नाही, फक्त बदल पाहायचा आहे. सीआयपी आणि डेल्टालाही असाच एकेक आकडा घेतला.

आता खंड मोजता आले. पॅनेलकडची केबल मुख्य खोलीत ज्या मॅनेज्ड स्विचवर येते, त्याच्या पानावर दोन गोष्टी पाहिल्या. स्विच किती वेळ सलग चालू आहे, हा आकडा शून्यावर येत नव्हता, म्हणजे त्या स्विचचा २४ व्होल्टचा पुरवठा ठीक. त्या पोर्टवरच्या सीआरसी चुका मात्र होमोजिनायझरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारे उपकरण) चालू असतानाच वाढत आणि लिंक तुटून पुन्हा लागल्याच्या नोंदी त्याच वेळच्या. ४२ मीटरपैकी १५ मीटर ही साधी, शील्ड नसलेली कॅट ५ई केबल ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलच्याच ट्रेमध्ये बांधलेली होती. एखादे पॅकेट बिघडले तर टीसीपी ते पुन्हा पाठवतो, कोणाला कळत नाही. लिंकच पडली की स्काडा आपल्या ३० सेकंदांच्या टाइमआउटपर्यंत थांबतो, आणि तोवर जुनी किंमत दाखवतो. अर्धे मिनिट कुठून आले ते असे.

ट्रे बदलायच्या आधी एक शिफ्ट दुसऱ्या वाटेने तात्पुरती शील्डेड केबल टाकून चुकांचा आकडा पाहिला. तो वाढला नाही. मग कायमचे काम: शील्डेड कॅट ६, वेगळी ट्रे, ड्राइव्हच्या केबलपासून किमान २०० मिलिमीटर अंतर, ओलांडायचीच तिथे काटकोनात, धातूचे कनेक्टर आणि पॅनेलच्या अर्थ बारला नीट जोडलेली शील्ड.

लिंक पडण्याने आणखी एक दुखणे लपले होते. स्काडाचा ड्रायव्हर जुनी जोडणी न मिटवता नवी उघडत असे. सीपीयूकडे जोडण्यांच्या जागा मर्यादित असतात. त्या भरल्या की नव्या जोडणीला नकार मिळतो आणि लोक सीपीयूचा पुरवठा बंद-चालू करतात. जोडण्या किती अडल्या आहेत ते टीआयएमध्ये ऑनलाइन पाहता येते. ड्रायव्हरमध्ये त्रुटीनंतर जुनी जोडणी बंद करणे, मग ५ सेकंद थांबून नवी उघडणे, असा क्रम लावला आणि टाइमआउट ३ सेकंदांवर आणला.

संगणकाच्या बाजूने तीन किरकोळ पण आवश्यक बदल: स्लीप बंद, नेटवर्क कार्डाची वीज वाचवायची सोय बंद, विंडोज अपडेटनंतरचे आपोआप रीस्टार्ट उत्पादनाच्या वेळांबाहेर. पहाटेच्या खंडांचे कारण बहुधा यातच असते. सीपीयूचे घड्याळ एनटीपीने (जाळ्यावरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) याच संगणकाशी जुळवले, म्हणजे एचएमआयवरचा अलार्म आणि नोंदीतली वेळ एकच राहते.

ताब्यात घेण्याआधी

स्वीकृतीची चाचणी मोडतोडीनेच घेतली. प्रत्येक यंत्राची केबल एकेक करून १ मिनिट काढायची: अलार्म ५ सेकंदांत आला का, नोंदीत रिकामी जागा पडली का, केबल परत लावल्यावर कोणी हात न लावता डेटा सुरू झाला का. केबल निघालेली असताना पाश्चरायझर, सीआयपी आणि कॉम्प्रेसर होते तसेच चालत राहिले पाहिजेत. एखादे यंत्र थांबले तर त्याचा इंटरलॉक (यंत्र चालू राहायची अट) संगणकावर टांगलेला आहे, तो तिथून काढून पीएलसीत न्यायचा. मग होमोजिनायझर सुरू करून सीआरसीचा आकडा पुन्हा पाहायचा.

शेवटी पूर्ण खोलीचा मेन स्विच पाडून वीज परत आणली. पहिल्या वेळी सीआयपीचा डेटा आलाच नाही. संगणक आणि पीएलसी उठले होते, नॅट राउटर उठायला वेळ घेत होता, आणि स्काडा ठरावीक प्रयत्नांनंतर त्या यंत्राचा नाद सोडत होता. प्रयत्नांची मर्यादा काढून टाकली, दर १० सेकंदांनी प्रयत्न चालू ठेवला आणि पुन्हा वीज घालवून पाहिली. तिन्ही यंत्रे आपोआप जोडली गेली. त्यानंतर आयपी, मॅक पत्ते, पोर्ट आणि डीबी १०० ची मांडणी असलेला कागद लॅमिनेट करून तिन्ही पॅनेलच्या दारांना आतून लावला आणि प्रोग्रॅमचे बॅकअप कारखान्याच्या ताब्यात दिले.